डोळ्यातला बुडबुडा

आधी मला वाटलं, यंत्र बिघडलंय.

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं. तळोज्याच्या एका रेझिनच्या कारखान्यात मी केमिस्ट होते. रेझिन म्हणजे रंगात, वार्निशात घालतात तो चिकट माल. प्रत्येक बॅचचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे माल उजेड किती वाकवतो ते मोजणाऱ्या यंत्राच्या, काचेवर टाकायचा, एक डोळा मिटून दुसरा नळीला लावायचा. आत अर्धं वर्तुळ उजेडाचं, अर्धं काळोखाचं दिसतं. त्यांच्या मधली रेघ बरोबर फुलीवर आणायची आणि आकडा वाचायचा. हे काम मी इतकी वर्षं करत होते की हात आपोआप चालायचे.

एका सकाळी मला फुली सापडेना. रेघ सरकत यायची, मध्याजवळ आली की कुणीतरी चिमटीत धरून ओढल्यासारखी वाकायची, आणि फुली असायला हवी तिथे काहीच नसायचं. काळा डाग असता तर निदान डाग तरी म्हटलं असतं. मी काच पुसली, नळी फिरवली, दिवा बदलला आणि शेवटी वैतागून यंत्र दुरुस्तीला पाठवून दिलं. ते परत आलं, तरी तेच. मग मी दुरुस्तीवाल्याला फोनवर झाडलं.

"मॅडम, मी स्वतः बघितलं. एकदम क्लिअर आहे," तो म्हणाला.

"मग चष्म्याचा नंबर काढून घ्या तुम्ही," असं म्हणून मी फोन आपटला. माझा आवाज चढतो हे मला ठाऊक आहे. लॅबमध्ये सगळे त्याला सरावलेले होते.

त्याच रागात मी डावा डोळा नळीला लावला. फुली जागच्या जागी होती, काळीभोर, ठळक.

पुन्हा उजवा लावला. फुली गेली. पुन्हा डावा. आली. डावा डोळा तळहाताने झाकून मी लॅबभर नजर फिरवली. भिंतीवरच्या घड्याळाला काटे होते, पण ते जिथे एकत्र येतात ती जागा नव्हती. खिडकीचे गज मध्येच आत ओढले गेले होते. दोन्ही डोळे उघडे ठेवले की सगळं ठीकठाक. म्हणजे हे कधीपासून चाललं होतं कोण जाणे. डावा डोळा उजव्याचं काम गुपचूप करत होता आणि मला पत्ता नव्हता.

घरी आल्यावर ह्यांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. आम्ही कळंबोलीला राहायचो, दोन खोल्या आणि बाल्कनी. आम्ही दोघंच. हे सरकारी ऑफिसात होते. माणूस सज्जन, पण वरून ऑर्डर आल्याशिवाय नळाची तोटीसुद्धा बदलणार नाही असा. मी त्यावरून चिडवायची आणि हे हसायचे. त्या दिवशी मात्र हसले नाहीत. "उद्याच डॉक्टरकडे जाऊ," म्हणाले. एवढ्या लगेच ठरवलेलं पाहून मला जास्तच भीती वाटली.

इथल्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले, हनुवटी टेकवून बसवलं, आणि एक पांढरी प्रखर रेघ डोळ्यातून आरपार फिरवली. मग ते मागे सरकून बसले. वयाने माझ्यापेक्षा लहान असतील. आवाज शांत होता. असा शांत आवाज वाईट बातमीसाठी राखून ठेवलेला असतो असं मला नेहमी वाटतं.

"पडद्याच्या मध्यबिंदूला भोक पडलंय," ते म्हणाले.

मी केमिस्ट आहे, मला नीट समजावून सांगा म्हटल्यावर त्यांनी सांगितलं. डोळा आतून अंड्याच्या पांढऱ्यासारख्या घट्टसर जेलीने भरलेला असतो. वय वाढलं की ती जेली आक्रसते आणि पडद्यापासून सुटते. बहुतेकांची अलगद सुटते. एखाद्याची मध्यबिंदूला चिकटून राहते, ओढत राहते, आणि तिथे पडदा फाटतो. भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असतं. पण अक्षर वाचायचं, सुईत दोरा ओवायचा, माणूस ओळखायचा, सगळं त्या एवढ्याशा जागेवर चालतं. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही.

"पूर्वी आम्ही यावर काही करू शकत नव्हतो," ते म्हणाले. "आता ऑपरेशन आहे. आपल्याकडे नवीन आहे अजून. जेली काढून टाकायची, पडद्यावरचा ताण सोडवायचा, आणि आत गॅस भरायचा. गॅसचा बुडबुडा भोकावर दाबून बसतो आणि कडा जुळून येतात. पण बुडबुडा वर जातो आणि पडदा मागे असतो. म्हणून तुम्हाला तोंड जमिनीकडे करून राहावं लागेल. जेवताना, झोपताना, सतत. ऑपरेशन माझं, पण भोक बुजवणं तुमच्या मानेवर आहे."

"आणि नाही बुजलं तर?"

"पुन्हा करता येतं. पण पहिली संधी सगळ्यात चांगली असते."

ऑपरेशनच्या वेळी मी जागी होते. डोळ्यामागे इंजेक्शन देऊन तो बधिर केला होता, पण उजेड कळत होता. आणि त्या उजेडात मला आत सावल्या हलताना दिसल्या. बारीक, काळ्या, काडीसारख्या. त्या माझ्या डोळ्याच्या आत होत्या. दुखत काहीच नव्हतं, यंत्राची टकटक तेवढी ऐकू येत होती. मी ओरडले नाही याचं मला आजही नवल वाटतं. मग सगळं पाण्याखाली गेल्यासारखं ढवळलं आणि बुडबुडा आला.

घरी सोडताना डॉक्टरांनी नियम सांगितले. मान खाली. उताणं झोपायचं नाही. डोळ्यावर पाणी नाही. आणि गॅस पूर्ण जिरेपर्यंत विमानाने प्रवास अजिबात नाही, ते फार धोक्याचं आहे. शेवटच्या नियमाला आम्ही दोघंही हसलो. आमच्या सात पिढ्यांत कोणी विमानात बसलेलं नव्हतं. ह्यांनी मात्र सगळे नियम परीक्षेसारखे पाठ केले आणि वाटेत मला म्हणूनही दाखवले.

मग ते दिवस. टेबलावर दोन उशा रचून मधल्या फटीत कपाळ टेकवून मी बसायची. मला फरशी दिसायची, माझी पावलं दिसायची, आणि डोळ्यात मधोमध एक गोल, थरथरता, कडेला काळी रेघ असलेला बुडबुडा. तो प्रत्येक श्वासाला हलायचा. मान इतकी भरून यायची की रडू यायचं, आणि खाली मान घालून रडलं की अश्रू सरळ फरशीवर पडतात. हे स्वयंपाक करायचे, भात मऊ शिजवून चमच्याने खाता येईल असा आणायचे. मान जरा हलली की आतल्या खोलीतून हाक यायची, "अगं, खाली!" ह्यांच्याइतकं काटेकोर कोणी सांभाळलं नसतं हे मी कबूल करते.

शेजारच्या इमारतीचे मालक इथलेच, खाडीकाठच्या गावातले. त्यांची बायको एकदा बघायला आली. मी मान वर करत नाही म्हटल्यावर बिचारी गोंधळली.

"अगो बाय, तुजा तोंड तरी बगू दे मना," ती म्हणाली. आणि खरंच माझ्या खुर्चीखाली फरशीवर आडवी होऊन वर बघू लागली. "हाय, हाय. बरी हायस. जरा सुकलीस."

मला इतकं हसू आलं की ह्यांनी आतून पुन्हा "हलू नकोस" म्हणून ओरडा केला. त्या दिवसांत माझ्या डोळ्यात डोळे घालून बोललेलं तेवढं एकच माणूस.

पालथं राहण्याचे कडक दिवस संपले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, भोकाच्या कडा जुळल्यासारख्या दिसताहेत, पण बुडबुडा अजून मोठा आहे. अर्धा दिवस मान खाली ठेवा, बाकी बसा-उठा. मी आनंदाने रडले. आणि त्याच आठवड्यात मोठ्या जाऊबाईंचा वाईहून फोन आला.

आमच्या घराण्यात गौरी मोठ्या दिरांकडे वाईला बसतात, पण पितळी मुखवटे तिथे राहत नाहीत. वर्षभर ते ज्या सुनेची पाळी असेल तिच्याकडे राहतात, आणि गौरी आणायच्या दिवशी तिनेच ते मांडीवर घेऊन यायचे. दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवायचे नाहीत, वाटेत जमिनीला टेकवायचे नाहीत. त्या वर्षी मुखवटे आमच्या कपाटात होते.

"ये असं मी म्हणत नाही हो," जाऊबाई म्हणाल्या. "डोळ्याचं काम आहे. पण मग मुखवट्यांचं काय करायचं तेवढं तूच सांग."

ह्यांनी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मदतनिसाने विचारून सांगितलं, गाडीने प्रवास चालेल, धक्के टाळा, मान खाली ठेवा, विमान मात्र नाही. गाडी कुठे जाणार हे त्याने विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. समुद्रसपाटीला राहणाऱ्या माणसाने दुसऱ्या समुद्रसपाटीला राहणाऱ्या माणसाला विचारलेला प्रश्न होता तो. आणि गॅसचे नियम पाठ असलेली केमिस्ट शेजारच्या खुर्चीवर मान खाली घालून बसली होती. तिच्याही डोक्यात आलं नाही. गावाला जाणं म्हणजे घाट चढणं, इतकं ते सवयीचं होतं.

भाड्याची गाडी ठरवली. मी मागे बसले, मांडीवर टोपलीत लाल कापड अंथरून दोन मुखवटे वर तोंड करून ठेवलेले, आणि मी त्यांच्यावर वाकलेली. मोठ्या काजळलेल्या डोळ्यांनी त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी डाव्या डोळ्याने त्यांना बघत होते आणि उजव्यातला बुडबुडा दोघींच्या चेहऱ्यांवरून झुलत होता. पनवेल गेलं, खोपोली गेलं. पाऊस भुरभुरत होता. हे पुढे बसून ड्रायव्हरला सारखं "सावकाश" म्हणत होते.

घाट लागला आणि काही वळणांनंतर उजव्या भुवईवर दाबल्यासारखं वाटू लागलं. मान अवघडली असेल म्हटलं. आणखी दोन वळणं झाली आणि दाब डोळ्यात उतरला. कोणीतरी आतून अंगठ्याने बुबुळ बाहेर ढकलतंय असं वाटलं.

"अहो, डोळा दुखतोय."

"गाडी लागली असेल. घाट संपला की बरं वाटेल."

मी पुन्हा खाली बघितलं. पायांशी फराळाची पिशवी होती, तिच्यात दुकानातून घेतलेली चिवड्याची बंद पाकिटं. निघताना ती सपाट होती. आता ती टम्म फुगली होती, उशीसारखी, कोपरे ताणून.

त्या पाकिटांकडे बघत असताना मला सगळं कळलं. विमान का नको ते कळलं. वर चढतोय तसा बाहेरच्या हवेचा दाब उतरतोय आणि बंद जागेतली हवा फुगतेय. पाकिटाला फुगायला जागा आहे, माझ्या डोळ्याला नाही.

"गाडी फिरवा," मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता खाली चला. गॅस फुगतोय माझ्या डोळ्यातला."

ड्रायव्हरने ब्रेक लावला. हे मागे वळले. ह्यांचा चेहरा मी मान वर करून बघितला, निघाल्यापासून पहिल्यांदाच. गोंधळलेला होता.

"डॉक्टर तर म्हणाले गाडीने चालेल."

"डॉक्टरांना घाट माहीत नव्हता! फिरवा ना!"

"अगं, आलंच खंडाळा. तिथे बूथ आहे. फोन करून विचारू आणि मग काय ते ठरवू. उगाच आपल्या मनाने काही करायला नको. डोळ्याचं काम आहे."

ड्रायव्हर ह्यांच्याकडे बघत होता. भाडं ह्यांनी ठरवलं होतं. गाडी वर निघाली.

खंडाळ्याला टेलिफोन बूथवर रांग होती. हे छत्री घेऊन रांगेत उभे राहिले. मी गाडीत उलटी केली, दाराबाहेर वाकून, एका हाताने टोपली उचलून धरत. मग डावा डोळा झाकून बघितलं. बुडबुडा नव्हता, त्याची काळी कडा नव्हती, ढगाळ उजेडसुद्धा नव्हता. उजव्या डोळ्याला काहीच नव्हतं. आंधळं होणं म्हणजे काळोख असं मी समजत होते. तसं नसतं. ती बाजूच नसते.

मी हाका मारत होते. बूथच्या काचेमागे हे फोन कानाला लावून हाताने मला "थांब, थांब" करत होते. बघणारे लोक टोपलीतल्या मुखवट्यांना हात जोडत होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. हे धावत आले तेव्हा छत्री मिटायचीही विसरले होते.

"खाली उतरा म्हणालेत! लगेच! चला, चला, फिरवा!"

"मी हेच सांगत होते," असं मी म्हणाले का फक्त मनात म्हणाले, आठवत नाही.

घाट उतरताना ह्यांनी माझा हात धरला होता आणि हात ओला होता. खोपोलीच्या जवळ उजव्या डोळ्यात राखाडी काहीतरी परत आलं, मग उजेड, मग बुडबुडा, थरथरत. "दिसतंय," मी म्हणाले. हे ड्रायव्हरसमोर रडले. आम्ही गावाकडे न जाता सरळ घरी आलो. जाऊबाईंनी त्या वर्षी तांब्यावर गौरी बसवल्या आणि पुढच्या वर्षीपासून मुखवटे वाईलाच राहतील असं ठरलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मला डोळ्याशिवाय दुसरं काहीच सुचत नव्हतं.

पुढच्या आठवड्यांत बुडबुडा जिरत गेला. त्याची कड रोज थोडी खाली उतरायची, आणि तिच्या वर स्वच्छ जग दिसायचं. आधी छत, मग पंखा, मग दाराची चौकट. कड मध्याच्या खाली गेली त्या दिवशी डावा डोळा झाकून मी कॅलेंडरवरचा आकडा बघितला. मला तो वाचता आला. जरा बारीक, जरा वाकडा, पण अख्खा आकडा. मी ह्यांना हाक मारली आणि आम्ही दोघंही वेड्यासारखे आकडे वाचत बसलो.

पण खालच्या बाजूचं, नाकाकडचं, काही उघडलं नाही. बुडबुडा पार संपला तरी तिथे काही आलं नाही. चालताना उजवा डोळा एकटा ठेवला तर पायरी नाहीशी व्हायची.

डॉक्टरांनी तपासलं. बराच वेळ तपासलं. भोक बंद झालंय, ते म्हणाले, सुंदर बंद झालंय. मग पुन्हा आत बघितलं आणि त्यांचा तो शांत आवाज आला.

"डोळ्याची नस फिकी दिसतेय थोडी. मध्ये कधी डोळ्याचा दाब खूप वाढला होता का? गॅस असताना विमानाने वगैरे गेलात?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "छे हो! विमानात कुठले आम्ही."

मी वाट पाहिली. मला वाटलं, आता घाटाचं सांगतील, बूथचं सांगतील, तुमच्याच माणसाला फोन केला होता म्हणतील. ह्यांनी रुमालाने मान पुसली आणि डॉक्टरांच्या टेबलाकडे बघत राहिले. मला राग यायला हवा होता. माझा राग जगजाहीर आहे. पण मला नुसती भीती वाटली.

"घाट चढलो होतो," मी म्हणाले. "खंडाळ्यापर्यंत. तिथे काही वेळ थांबलो होतो."

डॉक्टर ह्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. त्यांनी कपाळाला हात लावला. "घाटाचं मीही सांगायला हवं होतं," म्हणाले. "दाबाने जेवढी नजर गेली, ती परत येणार नाही. आता डावा डोळा जपायचा. एका डोळ्याला भोक पडलं की दुसऱ्यालाही पडू शकतं. नक्की नाही, पण पडू शकतं. पडलं तर हेच सगळं पुन्हा, ऑपरेशन, गॅस, मान खाली. आणि तेव्हा हातात हा उजवाच असेल. त्या वेळी चोवीस तास लक्ष ठेवणारं, काही झालं तर लगेच निर्णय घेणारं माणूस जवळ पाहिजे. घरी कोण आहे तुमच्या?"

"मी आहे ना," हे म्हणाले.